आधीच्यांच्या अटी

पुण्यात ज्याला नगर रोड म्हणतात तो रस्ता नेवासे तालुक्यातल्या आमच्या घोडेगावच्या माणसाला पुण्यात आणून सोडतो. एसटी पांढरीपूल मागं टाकते, इमामपूरचा घाट चढून जेऊरमार्गे नगरला येते आणि पुढं सुपे, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली करत खराडीपाशी पोचते. शहर अजून धड सुरूही झालेलं नसतं आणि आयटी पार्कच्या काचेच्या इमारती दिसायला लागतात. नेवासे, शेवगाव, पाथर्डीकडची सॉफ्टवेअरमध्ये शिरलेली पुष्कळ पोरं म्हणूनच या पट्ट्यात राहतात. वाघोलीत तिघाचौघांत मिळून फ्लॅट, खाली मेस, सणावाराला गाव. जिल्ह्याचं नाव २०२४ च्या ऑक्टोबरात अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. रस्ता लोकांच्या तोंडी अजून नगर रोडच आहे.

गावाकडं या नोकरीबद्दल दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पगार किती, आणि कंपनी परमनंट आहे का? दोन्ही रास्त आहेत. ज्या घरात कांद्याचा भाव आठवडाभरात निम्म्यावर आलेला सगळ्यांनी पाहिलाय, तिथं आधी हेच विचारलं जाणार. पण तू दिवसभर करतोस काय, असं सहसा कुणी विचारत नाही. नव्या नोकरीच्या सुरुवातीच्या महिन्यांत कुणी विचारलंच, तर खरं उत्तर असं की तेव्हा डेव्हलपर फारसं काही लिहीत नाही, तो वाचतो. दुसऱ्या कुणीतरी, कधीतरी, कशासाठीतरी लिहून ठेवलेलं वाचतो. लिहिणारे निम्मेअधिक लोक कंपनी सोडून गेलेले असतात. त्यांच्या कोडवर आज कुणाचा तरी धंदा चालू असतो, त्यामुळं ते बाजूला ठेवून नवं लिहायला घेता येत नाही.

मी नोकरी बदलली ती एका छोट्या कंपनीत. शेतमालाच्या बाजारातल्या आडत दुकानांसाठी ती सॉफ्टवेअर बनवते: आवक, वजन, लिलावाचा भाव, शेतकऱ्याची हिशोबपट्टी, खरेदीदाराचं बिल. आधीच्या कंपनीत मी परदेशी विमा कंपनीचं काम करायचो. त्यात काय चाललंय हे मला कळायचं, पण ते कुणासाठी चाललंय हे कधी डोळ्यांपुढं यायचं नाही. इथं मात्र स्क्रीनवर पहिल्याच दिवशी ‘गोल्टी’, ‘जोड’, ‘वक्कल’, ‘बारदान’ हे शब्द दिसले आणि घोडेगावच्या उपबाजाराचं आवार समोर उभं राहिलं. नाशिककडं कांदा ट्रॅक्टरमध्ये मोकळा विकला जातो. आमच्याकडं तो गोण्यांत येतो. गाळ्यापुढं गोण्या लागतात, तोंडं उघडली जातात, खरेदीदार माल हातात घेऊन बघत पुढं सरकतात आणि एकेका वक्कलाचा, म्हणजे मालाच्या गटाचा, भाव फुटतो. लहानपणापासून पाहिलेलं हे सगळं आता माझ्यासमोर कोड होऊन आलं होतं.

तरी पहिले आठवडे जड गेले. लॅपटॉप मिळतो, ओळखपत्र मिळतं, मग एकेका सिस्टिमच्या अॅक्सेससाठी टिकीट टाकून वाट बघायची. सकाळच्या स्टँडअपमध्ये सगळे इंग्रजीत काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय ते भराभर सांगतात, आणि आपल्याकडं सांगायला ‘कोड वाचतोय’ एवढंच असतं. तेही कुणाला खटकत नाही, आपल्याला खटकतं. टीम लीडला मी सवयीनं ‘सर’ म्हणायचो. ‘सर नको रे, नावानं बोल,’ असं तो प्रत्येक वेळी सांगायचा. वयानं मोठ्या माणसाला नावानं हाक मारायला जीभ वळायला वेळ लागतोच. टेस्टिंगच्या मॅडम सोलापूरच्या. त्यांनी एका दुपारी चहाला नेलं आणि सांगितलं, ‘तुला जे समजत नाही ते लिहून ठेव. पुढं तुला ते दिसायचं बंद होईल.’ नव्या माणसाला मी यापेक्षा कामाचा सल्ला अजून ऐकलेला नाही.

मग केटी. आमच्या धंद्यात ज्ञान हवाली करण्याला केटी म्हणतात. नोटीस पिरियडवर असलेला सिनियर स्क्रीन शेअर करून बसतो, कोणता भाग कोणाला हाक मारतो ते दाखवतो, पासवर्ड कुठं ठेवलेत ते सांगतो. एखाद्या फाइलपाशी आला की त्याचा हात जरा थांबतो. ‘हे असंच आहे. याला हात लावू नकोस.’ प्रत्येक कंपनीत असा कोडचा एक कोपरा असतो, आणि प्रत्येक केटीत हे वाक्य येतं. का हात लावायचा नाही, हे त्यालाही त्याच्या आधीच्यानं सांगितलेलं नसतं.

आमच्या घोडेगावात शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. म्हशींसाठी तो लांबवर ओळखला जातो. मुऱ्हा, जाफराबादी सगळं येतं. रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरतो, पैसे दिले जातात, कानातला बारा आकडी बिल्ला ताडून बघितला जातो. जाणता माणूस त्यानंतरही लगेच दावं सोडून निघत नाही. विकणाऱ्याला बाजूला घेऊन विचारतो: पेंड कुठली घालता? धारेला कोण बसतं, बाई की गडी? रेडकू पुढं लागतं का? ही उत्तरं घेतल्याशिवाय म्हैस घरी नेली तर ती नव्या गोठ्यात दूध चोरते. बिल्ल्यावरच्या नंबरावर तिचं वय, लसीकरण, मालक सगळं नोंदलेलं असतं, पण धारेला कोण बसतं ते तिथं सापडत नाही. आमच्या केटीतही बिल्ल्यावरचं तेवढं सांगून होतं आणि धारेचं राहून जातं.

ही अडचण एकट्या माझी किंवा एकट्या माझ्या कंपनीची नाही. पीटर नौर नावाच्या डॅनिश संगणकतज्ज्ञानं १९८५ मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्याला पुढं २००५ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. त्याचं म्हणणं असं की प्रोग्रॅम म्हणजे लिहिलेल्या ओळी नव्हेत. तो बनवणाऱ्यांच्या डोक्यात त्या कामाविषयी एक समज तयार होते, ती म्हणजे खरा प्रोग्रॅम. ती माणसं पांगली की ओळी चालू राहतात, पण प्रोग्रॅम मेलेला असतो. बदल करायला गेलं की ते उघड होतं. त्याही आधी, १९७५ मध्ये, फ्रेड ब्रुक्सनं आयबीएममधल्या अनुभवावरून लिहून ठेवलं की उशीर झालेल्या प्रकल्पात नवी माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. हे आमच्या व्यवस्थापकांना पाठ असतं. तरी नव्या माणसानं पहिल्या महिन्यात किती टिकीटं बंद केली हेच मोजलं जातं. मला विचाराल तर त्यानं किती ‘का’ विचारले आणि त्यातल्या कितींना उत्तर मिळालं, हे मोजायला हवं.

माझं पहिलं टिकीट एका आडनावाचं होतं. एका गाळ्यावरच्या मुनीमजींची तक्रार होती की एकाच शेतकऱ्याची दोन खाती दिसतात, दोन्हीवर ‘कुऱ्हाडे’च लिहिलंय, आणि बाकी दोन्हींत वाटली गेलीय. अक्षर न् अक्षर सारखं, पण संगणक म्हणतो की ही दोन वेगळी माणसं. युनिकोडमध्ये हा ‘ऱ्ह’ दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेनं आधी खाली नुक्ता असलेला वेगळा ऱ, मग हलन्त, मग ह. दुसऱ्या वाटेनं साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग ह. गाळ्यावरचा कीबोर्ड एका वाटेचा आणि मुनीमजींच्या मोबाइलचा दुसऱ्या. दिसायला दोन्ही एकच, आतले आकडे निराळे. गोऱ्हे, कऱ्हाडे, तऱ्हेतऱ्हेच्या नावांना हा धोका होता. दोन्ही वाटा एकीवर आणून साठवायचं आणि जुळी खाती एकत्र करायची, एवढंच काम. पण ते झालं त्या दिवशी मुनीमजींनी फोनवर दोन्ही बाक्यांची बेरीज मला मोठ्यानं वाचून दाखवली, आणि या टीममध्ये आपला काही उपयोग आहे असं मला प्रथमच वाटलं.

त्यानंतर मी कोडचा इतिहास वाचायला घेतला. आम्ही गिट वापरतो. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, सोबत काय शेरा लिहिला, हे गिट जपून ठेवतं. बहुतेक जण एखाद्या ओळीचा कर्ता शोधण्यापुरतं तिकडं जातात. मी पहिल्यापासून क्रमानं वाचत गेलो, आणि शेतमालाच्या बाजारावरून गेलेली वर्षं एकेक करून दिसायला लागली. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, त्या आठवड्यात पट्टीवर चेक नंबराचा रकाना आला. शेरा इतकाच होता: ‘अर्जंट’. २०१७ च्या जुलैत जीएसटी. २०२० च्या मार्चनंतर काही काळ शेऱ्यांच्या वेळा रात्री दोन-तीनच्या. सगळे घरून काम करत होते. २०२३ च्या उन्हाळ्यात ‘जुनी पट्टी पुन्हा छापा’ अशी सोय आली. मला कारण लगेच समजलं. त्या फेब्रुवारी-मार्चात कांदा मातीमोल विकला गेला आणि सरकारनं क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केलं. अर्जाला विक्रीची पट्टी लागायची, आणि हरवलेल्या पट्टीसाठी लोक गाळ्यांवर खेपा घालत होते. त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली. तेव्हाच्या नोंदींत नवं काम जवळपास नाहीच. ग्राहकांकडून मागणीच आली नसेल.

‘हात लावू नकोस’ म्हणून दाखवलेली फाइल या इतिहासातल्या २०१६ च्या जुलैत बदलली होती. पट्टीचा हिशोब करणाऱ्या त्या फाइलीत मधोमध एक अट होती. तारीख अमुक दिवसाच्या आधीची असेल तर आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्या रकमेतून वजा करायची, नंतरची असेल तर ती खरेदीदाराच्या बिलात मिळवायची. कारण कुठंच लिहिलेलं नव्हतं. टीममध्ये एक प्रस्ताव फिरत होता की ही अट काढून टाकावी. इतक्या जुन्या तारखेची नवी नोंद आता कोण करणार? कोड सुटसुटीत होईल, चाचण्या कमी होतील. ऐकायला बरोबर वाटत होतं.

मी रात्री घरी फोन लावला.

‘आण्णा, पट्टीतनं आडत कापायची कधीपासनं बंद झाली?’

‘सोळा साली की. पावसाळ्यात. तवा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले व्हते, आपला कांदा चाळीतच पडून व्हता. का रं?’

‘त्याच्या आधीच्या पट्ट्या आहेत का घरात?’

‘तुझ्या आईनं समद्या पेटीत ठेवल्यात. एक बी फेकू देत न्हाई.’

२०१६ च्या जुलैत राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. व्यापाऱ्यांचा विरोध झाला, ठिकठिकाणी लिलाव थांबले. शेतकऱ्याच्या पट्टीतली एक वजावट कायमची गेली. आमच्या टीममधले बहुतेक जण तेव्हा कॉलेजात होते आणि त्यांच्या घरात कांदा विकत आणला जात होता. ही अट त्यांना निरर्थक वाटली यात त्यांचा काही दोष नाही.

धाकट्या भावानं पेटीतल्या पट्ट्यांचे फोटो पाठवले. पिवळटलेला कागद, घडीवर विरलेला, डाव्या कोपऱ्यात गाळ्याचा शिक्का. एकूण गोण्या, वजन, भाव, रक्कम, खाली आडत, हमाली, तोलाई, वाराई, शेवटी निव्वळ. मी फोटो एका बाजूला आणि कोड दुसऱ्या बाजूला लावला. वजावटींचा क्रम तोच. कोडमध्ये हमालीच्या आधी आडत का येते हे मला कळत नव्हतं, कारण हिशोबाला क्रमानं काही फरक पडत नाही. फरक पडत नव्हताच. ज्यानं हे पहिल्यांदा लिहिलं तो कुठल्या तरी गाळ्यावर, अशीच एक पट्टी शेजारी ठेवून, वरून खाली एकेक ओळ उतरवत बसला होता. गिटमध्ये त्याचं नाव आहे, पण मी त्याला कधी भेटलेलो नाही. कंपनी सोडून त्याला बरीच वर्षं झालीत. तरी त्या रात्री त्याच्या खांद्यावरून वाकून बघतोय असं वाटलं, आणि त्या कोडविषयी मनात साचलेली भीती गेली.

स्टँडअपमध्ये मी सांगितलं की ही अट ठेवावी लागेल. नवी नोंद होणार नाही हे खरं, पण ‘जुनी पट्टी पुन्हा छापा’ ही सोय तिच्यावर उभी आहे. भावाभावांच्या वाटणीत, बँकेत, कोर्टात कुणी २०१५ ची पट्टी मागितली आणि आपण छापलेली निव्वळ रक्कम पेटीतल्या कागदाशी जुळली नाही, तर खोटा तो शेतकरी ठरेल. एवढं बोलताना माझं इंग्रजी दोन ठिकाणी मराठीवर आलं. कुणाचं काही अडलं नाही. मॅडमनी लगेच जुन्या तारखांची एक चाचणी लिहायला घेतली.

आमचा नेवासे तालुका ज्ञानेश्वरीचा. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरांनी ती सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, एवढं आमच्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षं ती हातानं उतरवली जात राहिली. उतरवणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले, कुणी आपल्या ओव्या घुसवल्या. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये पोथ्या ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात कुणी स्वतःची ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. एकनाथ स्वतः केवढे कवी! मूळ ओवी अवघड वाटली तर तिच्या जागी दुसरी रचणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी आधीच्याचं म्हणणं काय होतं ते शोधण्यात आपलं बळ खर्च केलं. हे थोर काम आणि आमचं पट्टीचं कोड एका पंगतीत बसवायचा माझा विचार नाही. पण दुसऱ्याच्या लिखाणावर काम करणं हे दुय्यम, नवं लिहिणं तेवढं खरं, असं जे आमच्या धंद्यात सर्रास मानलं जातं, ते मला पटत नाही, आणि न पटण्याचं बळ मला नेवाशातून मिळतं.

त्या अटीच्या वर मी एक टीप लिहिली. कायदा कधी बदलला, आडत आधी कोण भरायचं, नंतर कोण, ही अट काढली तर कोणती छपाई चुकेल. टीप इंग्रजीत आहे. आडत, हमाली, वाराई हे शब्द तसेच ठेवलेत. आता टीममध्ये ठरलंय की नोटीस पिरियडवर गेलेल्या माणसानं ‘कुठं काय आहे’ याच्या आधी ‘असं का आहे’ सांगायचं, आणि नव्यानं ते फाइलीत लिहून घ्यायचं. दर वेळी होत नाही. घाईच्या रिलीजमध्ये तर नाहीच. पण होतं तेव्हा पुढच्याचे आठवडे वाचतात.

गेल्या महिन्यात यवतमाळची एक मुलगी रुजू झाली. तिच्या घरी कापूस. कांद्याच्या बाजाराशी तिचा संबंध नाही. तिची केटी माझ्याकडं आलीय. तिसऱ्या प्रहरी ती खुर्ची सरकवून आली आणि म्हणाली, ‘दादा, बाकी सगळ्या गाळ्यांना गोणीमागं बारदानाचं, म्हणजे रिकाम्या गोणीचं, वजन एकच धरलंय, आणि ह्या एकाच गाळ्याला जास्त. का?’ मी ती ओळ पुष्कळदा पाहिलेली होती. उत्तर मला माहीत नव्हतं. गिटमध्ये शेरा होता, ‘ग्राहकाच्या सांगण्यावरून’. त्यांच्याकडं खरोखरच जाड, जड गोण्या वापरात असतील तर तो आकडा बरोबर आहे. नसतील तर इतकी वर्षं दर गोणीमागं शेतकऱ्याचा थोडा थोडा कांदा कापला जातोय, आणि तो आमच्या कोडमधून कापला जातोय. लिहिणारा सध्या कॅनडात असतो. तिनं त्याला मेल केलाय आणि त्या ओळीच्या वर तारीख घालून आपला प्रश्न लिहून ठेवलाय. उत्तर येवो न येवो, येत्या लिलावाच्या दिवशी आम्ही दोघं त्या गाळ्यावर जाणार आहोत आणि त्यांची रिकामी गोणी काट्यावर ठेवून बघणार आहोत.